साक्ष द्यायची म्हटलं की पोटात गोळा येतो, त्याचं काय करायचं?

सोमवारी डबा उघडताना शेजारचा सहकारी सहज विचारतो, "काल काय केलंस?" रविवारी सकाळी दोन तास उपासनेत बसून, गायनात आवाज लावून, प्रभुभोजन घेऊन आलेला माणूस म्हणतो, "काही नाही, जरा बाहेर गेलो होतो." हे खोटं नाही, पण खरंही नाही. साक्ष देण्याची, म्हणजे येशूने आपल्या आयुष्यात काय केलं हे दुसऱ्याला सांगण्याची, भीती चौकातल्या सभेत किंवा व्यासपीठावर शोधायला जाऊ नका. ती या "जरा बाहेर गेलो होतो"मध्ये बसलेली असते.

हा लेख पाळकांसाठी किंवा पूर्णवेळ सुवार्तिकांसाठी नाही. मराठी मंडळ्यांतल्या (चर्चमधल्या) नोकरदार, दुकानदार, घर सांभाळणाऱ्या, कॉलेजात जाणाऱ्या साध्या सभासदांसाठी आहे. "साक्ष द्या" हे त्यांना व्यासपीठावरून वर्षानुवर्षं ऐकवलं जातं. कुणाला, किती वेळ, कोणत्या शब्दांत आणि कुठे थांबायचं, हे मात्र क्वचितच सांगितलं जातं. मग भीतीवर अपराधीपणाचा थर चढतो आणि तोंडाचं कुलूप आणखी घट्ट होतं.

आधी भीती निवडा

तांदूळ निवडतो तशी भीती निवडायची. कागदावर एकाच माणसाचं नाव लिहा. "लोक" नको, एकच माणूस: वरच्या मजल्यावरच्या काकू, मेहुणा, कॉलेजातला मित्र, जो असेल तो. खाली लिहा: याला येशूबद्दल काही सांगितलं तर नेमकं काय होईल असं मला वाटतं? "वाईट होईल" असं मोघम लिहू नका. "तो हसेल आणि ग्रुपमध्ये मला फादर म्हणायला लागेल" इतकं स्पष्ट लिहा.

पाच-सहा नावांपुढे असं लिहून झालं की चार प्रकार वेगळे दिसतात. पहिला, हसं होईल किंवा संबंध बिघडतील. दुसरा, त्याने काही विचारलं तर मला उत्तर येणार नाही. तिसरा, धर्मांतराचा आरोप होईल, प्रकरण अंगाशी येईल. चौथा सहसा कुणी बोलून दाखवत नाही: हा माणूस मला ओळखतो, माझा राग, माझी उधारी, माझं घरातलं वागणं त्याने पाहिलंय, मी कोणत्या तोंडाने सांगू?

चारींवर उपाय एकच नाही. अनेकांचं घोडं इथेच पेंड खातं, कारण "प्रार्थना करा, भीती जाईल" हा एकच सल्ला चारींना दिला जातो. पहिली भीती सरावाने कमी होते, दुसरी तयारीने. तिसरी ही भीती कमी आणि शहाणपण जास्त असतं. कायदा नि जागा समजून घेतली की तिचा फुगलेला भाग गळून पडतो आणि उरलेला भाग जपून ठेवण्यासारखाच असतो. चौथीवर सराव चालत नाही. उधारी फेडा, माफी मागा, मग बोला. बऱ्याचदा ती माफीच पहिली साक्ष ठरते.

२ तीमथ्य १:७ मधलं "भित्रेपणाचा नव्हे, तर सामर्थ्याचा, प्रीतीचा व संयमाचा आत्मा" हे वचन सगळ्यांना पाठ असतं. त्यातल्या "संयमा"वर मात्र कुणी फारसं थांबत नाही. आणि ज्या पौलाने हे लिहिलं, तोच १ करिंथ २:३ मध्ये म्हणतो की मी तुमच्याकडे अशक्त, भयभीत आणि थरथर कापत आलो. करिंथात त्याला रात्री दृष्टान्तात "भिऊ नको, बोलत जा" असं सांगावं लागलं (प्रेषितांची कृत्ये १८:९). म्हणजे भीती संपण्याची वाट पाहून मग बोलायचं, हा क्रम पौलाचाही नव्हता.

आणखी एक गोष्ट आधीच स्पष्ट करून घ्या. समोरच्याला पटवणं हे तुमचं काम नाही. साक्षीदार कोर्टात निकाल देत नाही. त्याने जे पाहिलं ते सांगायचं आणि खाली उतरायचं. घाम फुटतो तो बहुतेक वेळा न्यायाधीशाची खुर्ची स्वतःकडे ओढल्यामुळे.

कायदा: किती घाबरायचं आणि कुठे

संविधानाच्या अनुच्छेद २५ नुसार प्रत्येकाला आपला धर्म मुक्तपणे प्रकट करण्याचा, आचरण्याचा आणि त्याचा प्रसार करण्याचा हक्क आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांच्या अधीन राहून, ही त्यातली अट आहे. १९७७ मध्ये स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने एक रेघ आखली: आपल्या धर्माची तत्त्वं समजावून सांगण्याचा हक्क आहे, दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नाही. रोजच्या भाषेत सांगायचं तर, माझ्या आयुष्यात काय घडलं हे मित्राला चहा पिताना सांगणं या हक्कात बसतं.

बळजबरी, फसवणूक आणि प्रलोभन हे तीन शब्द लक्षात ठेवा. धर्मांतराबाबतचे राज्यांचे कायदे याच तिघांभोवती फिरतात. ओडिशाचा कायदा १९६७ चा, मध्य प्रदेशचा मूळ कायदा १९६८ चा, गुजरातचा २००३ चा, आणि त्यानंतर अनेक राज्यांत नवे कायदे व दुरुस्त्या झाल्या. काही राज्यांत धर्मांतराआधी जिल्हा प्रशासनाला कळवण्याची अटही आहे. बडोदा, इंदूर, जबलपूरकडच्या मराठी मंडळ्यांनी महाराष्ट्रातल्या नातेवाइकांचा सल्ला ग्राह्य धरू नये आणि महाराष्ट्रातल्यांनी जुन्या माहितीवर विसंबू नये. आपल्या राज्यात आज काय लागू आहे, हे मंडळीने एखाद्या वकिलाला विचारून एका पानावर लिहून घ्यावं. एका पानाने भीतीला धरबंद येतो.

प्रलोभनाबाबत कानाला खडा लावा. फुकट शिकवणी, रेशन, औषधं, नोकरीची शिफारस ही सेवा जरूर करा, पण त्याच बैठकीत त्याच माणसाला धर्माची गोष्ट सांगू नका. मदत घेणाऱ्याला "नाही" म्हणणं जड जातं. कायद्याआधी हा साध्या माणुसकीचा प्रश्न आहे. हाताखालचा कर्मचारी, रुग्ण, भाडेकरू, विद्यार्थी यांनाही हेच लागू. तुमचा अधिकार जिथे चालतो तिथे तोंड बंद आणि वागणूक चोख. अल्पवयीन मुलांशी आईवडिलांच्या परवानगीशिवाय या विषयावर बोलूच नका.

दुसऱ्याच्या देवाधर्माची टिंगल हा वेगळा गुन्हा ठरू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ हेतुपुरस्सर आणि दुष्ट बुद्धीने धार्मिक भावना दुखावण्याबद्दल आहे. पण कलम नसतं तरी टिंगलीने आजवर कुणाचं मन वळल्याचं ऐकिवात नाही.

साक्ष लिहून काढा, मग खोडा

उत्तर येणार नाही या भीतीवर पहिला उपाय म्हणजे लिहिलेली साक्ष. योहान ९ मधल्या जन्मांध माणसाला परूशी, म्हणजे त्या काळचे कर्मठ धर्मपुढारी, धर्मशास्त्रातले प्रश्न विचारत सुटतात. तो त्यांच्या वादात शिरतच नाही. मी आंधळा होतो आणि आता मला दिसतं, एवढंच मला ठाऊक आहे, असं म्हणतो. साक्षीचा साचा हाच: आधी काय होतं, काय घडलं, आता काय आहे.

मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला साधारण ११० ते १३० शब्द होतात. म्हणून दोन प्रती करा. एक १२० शब्दांच्या आसपासची, म्हणजे लिफ्टपाशी किंवा टपरीवर एका मिनिटात सांगता येईल अशी. दुसरी साडेतीनशेची, तीन मिनिटांची. त्याहून लांब साक्ष मंडळीत चालते, बाहेर चालत नाही.

पहिल्या खर्ड्यात बहुतेकांच्या हातून असं काहीतरी उतरतं:

"मी पापात मेलेलो होतो. प्रभूने मला आपल्या मौल्यवान रक्ताने विकत घेतलं, मला तारण मिळालं, पवित्र आत्म्याने मला भरलं आणि आज मी विजयी जीवन जगतो."

मंडळीत याला आमेन मिळेल. आता हेच शेजारच्या काकूंच्या कानाने ऐका. "विकत घेतलं" ऐकताच त्यांना पैसे आठवतात, आणि नेमका तोच संशय आधीपासून मनात असतो. "तारण" म्हणजे सोनेतारण कर्ज, पतसंस्थेच्या पाटीवर रोज दिसणारं. "आत्म्याने भरलं" म्हणजे अंगात आलं किंवा झपाटलं. "देवाचा कोकरा" म्हटलं तर डोळ्यांपुढे जत्रेतला बकरा. "पाप" हा शब्द पाप-पुण्याच्या हिशोबात जमा होतो. एकही शब्द परका नाही आणि तरीही एकही पोचलेला नाही. तुमचं म्हणणं आणि त्यांचं ऐकणं यांत हे अंतर पडतं, समोरचा चेहरा कोरा होतो आणि आपल्याला वाटतं, याला रस नाही.

आता दुसरा नमुना. हा माणूस कल्पित आहे, साचा दाखवण्यापुरता:

"वडील गेल्यावर जमिनीवरून भावाशी वाजलं. सहा वर्षं बोलणं बंद. त्याचं नाव निघालं तरी डोकं फिरायचं, रात्र रात्र झोप नसायची. चर्चला जायचो, पण सवयीने. एका रविवारी प्रभूची प्रार्थना म्हणताना 'जशी आम्ही आपल्या ऋण्यांना सूट दिली आहे' या ओळीवर घशात अडकलं. दर आठवड्याला म्हणतोय आणि भावाला तर सोडलेलं नाही! त्या रात्री देवाला म्हटलं, माझ्याच्याने होत नाही, तूच काहीतरी कर. क्रूसावरून येशूने मारणाऱ्यांना माफ केलं, हे तोवर नुसतं ऐकलं होतं. मलाही त्याने असंच सोडलंय हे तेव्हा कळलं. दोन महिन्यांनी भावाच्या दारात गेलो. जमिनीचं प्रकरण अजून मिटलेलं नाही. पण आम्ही बोलतो, आणि मला झोप लागते."

यात तारण आहे, पाप आहे, कृपाही आहे, फक्त ते शब्द नाहीत. "प्रकरण अजून मिटलेलं नाही" हे वाक्य मुद्दाम ठेवलंय. सगळं गोड झालं असं सांगणाऱ्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. स्वतःचा खर्डा तपासताना प्रत्येक धार्मिक शब्दाखाली रेघ मारा आणि त्याजागी काय घडलं ते लिहा. "आशीर्वाद मिळाला" म्हणजे काय? नोकरी लागली, की नोकरी गेल्यावरही घरात भांडण झालं नाही? ते लिहा. दुसऱ्याची बदनामी होईल असा तपशील काढा. नवऱ्याचं दारूचं व्यसन तुमच्या साक्षीत यायचं असेल तर आधी त्याला विचारा.

दारूबिरूची नाट्यमय गोष्ट नाही, जन्मापासून ख्रिस्ती घरातच वाढलो, मग सांगू काय? अशी अडचण नगर, वसई, पुणे, मुंबईकडच्या पिढीजात कुटुंबांत फार ऐकू येते. नाट्य लागत नाही. घरात चालत आलेला विश्वास माझा कधी झाला, एवढं एक वळण पुरतं: आईचं आजारपण, परीक्षेतलं अपयश, एखादी न मिळालेली गोष्ट.

लिहून झालं की कागद बाजूला ठेवून मोबाइलवर आवाज मुद्रित करा. ऐकताना दोन गोष्टी पाहा: आवाज कुठे "प्रवचनी" होतो, आणि वेग कुठे वाढतो. घाबरलेला माणूस मध्यावर पळत सुटतो. तिथे एक वाक्य कमी करा. पाच-सहा वेळा हे केलं की पाठांतराचा वास जातो.

भीतीच्या पायऱ्या

टाळलेली भीती वाढते. प्रत्येक वेळी विषय टाळला की क्षणभर हायसं वाटतं आणि मन शिकतं की टाळल्यानेच वाचलो. उलट दिशेने जायचं असेल तर एकदम खोल पाण्यात उडी नको. प्रत्येक कृतीला शून्य ते दहा असा भीतीचा आकडा द्या आणि दोन-तीनपासून सुरुवात करा. प्रत्येकाची शिडी वेगळी असेल, पण अनेकांची अशी काहीशी दिसते:

- ऑफिसात डबा खाण्याआधी मान खाली घालून दहा सेकंद मनातल्या मनात प्रार्थना. बोलायचं काहीच नाही.
- "काल काय केलंस?" ला "चर्चला गेलो होतो" हे सरळ उत्तर. पुढे काही जोडायचं नाही.
- अडचणीतल्या माणसाला "मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन" म्हणणं आणि तीन-चार दिवसांनी आठवणीने विचारणं, "कसे आहेत आता बाबा?"
- नाताळला घरी बोलावणं.
- एका मिनिटाची साक्ष, विषय निघाला तर.
- तीन मिनिटांची, त्याने विचारलं तर.
- त्याची इच्छा असेल तर शुभवर्तमानातला एखादा उतारा सोबत वाचणं.

एका पायरीवरचा आकडा निम्म्यावर येईपर्यंत तिथेच राहा. तीन-चार वेळा लागतात, कधी दहाही. आठवड्याला एक प्रयत्न हा वेग पुष्कळ झाला. घाईत दोन पायऱ्या गाळून वर गेलात आणि तिथे तोंडावर आपटलात, तर मन पहिल्या पायरीवरही पाय ठेवू देत नाही. उत्साही तरुण सभासदांचं हेच होतं: शिबिराहून येतात, पहिल्याच दिवशी होस्टेलच्या खोलीत तासभर बोलतात, आणि मग दोन वर्षं गप्प.

तिसऱ्या पायरीवरचं दुसरं अर्ध, म्हणजे आठवणीने विचारणं, हे पहिल्याहून महत्त्वाचं. "प्रार्थना करीन" हे "बघू नंतर" सारखं फेकायचं वाक्य नव्हे. करायची नसेल तर म्हणू नका.

शरीराचंही थोडं पाहा. छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, कान तापतात. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच वेळा केलं की धडधड उतरते, कारण लांब उच्छ्वासाने हृदयाची गती मंदावते. समोरासमोर डोळ्यांत डोळे घालून बसण्यापेक्षा शेजारी शेजारी चालताना, स्वयंपाकघरात भाजी निवडताना किंवा गाडीत बोलणं दोघांनाही सोपं जातं. हातात चहाचा कप असला तर उत्तम. थांबायला निमित्त मिळतं.

थांबायचं कुठे: करंजीचं ताट

दिवाळीत शेजारून फराळ येतो, नाताळात आपल्याकडून जातो. ताटावरचा रुमाल बाजूला करताना काकू विचारतात, "तुमच्यात नाताळला नक्की काय करतात हो?"

इथे दोन चुका ठरलेल्या. एक, "काही नाही, येशूचा वाढदिवस," आणि पळ काढणं. दुसरी, आदाम-हव्वेपासून सुरुवात करून वीस मिनिटं. मधला मार्ग तीन वाक्यांचा:

"काकू, आमच्यासाठी हा देव माणूस होऊन जन्माला आल्याचा दिवस. तोही वाड्यात नाही, गोठ्यात, गव्हाणीत. म्हणून माझ्यासारखीला त्याच्याकडे जायला भीती वाटत नाही."

आणि थांबायचं. चौथं वाक्य तुमचं नाही, काकूंचं आहे. त्या म्हणाल्या, "भीती म्हणजे कसली?" तर बोलणं पुढे जाईल. त्या म्हणाल्या, "करंज्या खुसखुशीत झाल्यात, सारण कशाचं केलंस?" तर सारणाची कृती सांगा, मनापासून सांगा. आजचं झालं. हे अपयश नव्हे. पुढच्या नाताळपर्यंत याच काकू जिन्यात तीनशे वेळा भेटणार आहेत.

बोलण्यापेक्षा विचारणं जास्त सोपं असतं आणि भीतीही कमी असते. "तुम्ही कठीण वेळी काय करता?", "तुमच्या घरी देवाधर्माचं कोण जास्त करतं?" असे प्रश्न विचारा आणि उत्तर खरोखर ऐका. समोरच्याची वारी, उपास, नामस्मरण यांबद्दल दहा मिनिटं आदराने ऐकलंत, तर तुमची तीन मिनिटं तो आपण होऊन मागतो. १ पेत्र ३:१५ मध्ये उत्तर द्यायला सिद्ध राहा म्हटलंय ते विचारणाऱ्याला, आणि तेही सौम्यतेने व आदराने.

नेहमीचे प्रश्न

सगळ्यांची उत्तरं पाठ करण्याची गरज नाही. "मला माहीत नाही, विचारून सांगतो" हे उत्तर उत्तम, आठवड्याच्या आत खरंच सांगितलं तर. पण चार प्रश्न पुन्हा पुन्हा येतात.

"धर्म बदला असं म्हणायचंय का?" याला गुळमुळीत उत्तर देऊ नका. "नाही, मी फक्त माझ्याबरोबर काय घडलं ते सांगितलं. तुम्ही काय मानायचं हे तुमचं तुम्ही ठरवायचं." एवढं बोलून विषय त्याच्या हातात द्या.

"हा गोऱ्यांचा धर्म." येशूचा जन्म आशियातला. केरळातले सिरियन ख्रिस्ती पोर्तुगीज यायच्या कित्येक शतकं आधीपासून इथले. फादर स्टीफन्स यांनी ओव्यांत रचलेलं ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं, पेशवाई बुडून इंग्रजी अंमल आला त्याच्या दोनशे वर्षं आधी. पण हे ऐकवताना विजयी चेहरा करू नका. समोरच्याने गोव्यातल्या इन्क्विझिशनचा (चर्चच्या धर्मन्यायालयाचा) विषय काढला तर सारवासारव नको. ते १५६० मध्ये सुरू झालं, १८१२ मध्ये कायमचं बंद झालं, आणि त्यात माणसांवर अन्याय झाले. "हो, ते चुकलं" हे म्हणता आलं पाहिजे.

"पैसे मिळतात ना तुम्हाला?" रागावू नका. हसून "उलट आम्हीच दर रविवारी दानपेटीत टाकतो" म्हटलं की बहुधा पुरतं. खरा मुद्दा याहून गंभीर आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणे अनुसूचित जातींच्या सवलती हिंदू, शीख आणि बौद्ध यांनाच आहेत. ख्रिस्ती झालेल्याला त्या मिळत नाहीत. दलित समाजातला कुणी मनापासून पुढचं विचारू लागला, तर हे आधी आणि स्वच्छ सांगणं तुमच्यावर बंधनकारक समजा. लपवलंत तर तीही फसवणूकच.

"सगळे देव एकच, मग वेगळं काय?" इथे वाद घालायचा मोह होतो. तुलना टाळा. "असेलही तुमचं म्हणणं. मला येशूत काय सापडलं ते सांगू का?" आणि परत आपल्या साक्षीकडे या.

बिघडतं कुठे

आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना "बरं होणारच" असं वचन देऊ नका आणि गोळ्या बंद करायला सांगू नका, चुकूनसुद्धा. महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा २०१३ पासून आहे. चमत्काराच्या नावाखाली फसवणूक त्यात येते, साप-विंचू चावल्यावर वैद्यकीय उपचारापासून रोखणंही येतं. प्रार्थना करा, आणि डॉक्टरकडे जायला रिक्षा बोलवा.

सोसायटीच्या किंवा ऑफिसच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर वचनं आणि व्हिडिओ टाकणं ही भित्र्या माणसाची पळवाट आहे, धैर्य नव्हे. तोंडाने सांगायचं टाळून अंगठ्याने सांगितलं जातं, कुणी वाचत नाही, एखादा मात्र दुखावतो. त्याहून वाईट म्हणजे प्रार्थनेला आलेल्या माणसाचा फोटो परवानगीशिवाय टाकणं. त्याच्या गावात त्याचे काय हाल होतील याचा विचार फोटो काढणाऱ्याच्या मनात नसतो.

एका माणसासमोर तिघे जाऊन बसू नका. त्याला ते घेराव वाटतं. परपुरुषाने एकट्या बाईकडे जाऊन बसणंही नको. बायकांशी बायकांनी बोलावं. पुस्तक मागितल्यावरच द्या, आणि एकच: लूक किंवा मार्कचं शुभवर्तमान. मत्तयापासून सुरुवात केली तर पहिली सतरा वचनं वंशावळीत जातात आणि नवा वाचक तिथेच पुस्तक मिटतो. मार्क सोळा अध्यायांचा, दीड-दोन तासांत वाचून होतो. लूकचा पंधरावा अध्याय, हरवलेलं मेंढरू, हरवलेलं नाणं आणि उधळ्या मुलगा, मराठी घरात कुणालाही समजावून सांगावा लागत नाही. बाप, थोरला भाऊ, वाटणी, सगळं ओळखीचं.

वाचणाऱ्यावर सोडून देणं किती दूर जातं, हे नारायण वामन टिळकांच्या बाबतीत दिसतं. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी आधी काव्यावर गप्पा मारल्या, मग नवा करार हाती दिला. तो प्रवासी स्टेशनवर उतरला. टिळकांनी वाचलं, गिरिप्रवचनाने त्यांना धरून ठेवलं, आणि १८९५ मध्ये मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. मधल्या दोन वर्षांत तो प्रवासी त्यांना रोज फोन करून "वाचलं का?" असं विचारत नव्हता.

घरच्यांच्या बाबतीत तर घड्याळ आणखी सावकाश लावा. लक्ष्मीबाई पतीच्या धर्मांतरानंतर वर्षानुवर्षं आपल्या मतावर ठाम होत्या, आणि पुढे ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःच्या वाटेने. नव्याने विश्वासात आलेल्याने पहिल्या महिन्यात देवघरावरून वाद काढणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. देवघरापेक्षा आईची कामं आधी. मार्क ५:१९ मध्ये बऱ्या झालेल्या माणसाला येशू घरी पाठवतो आणि प्रभूने तुझ्यासाठी काय केलं ते आपल्या माणसांना सांग म्हणतो. घरच्यांचे देव मोड, असं म्हणत नाही.

नकार आला तर त्याच दिवशी दोन ओळी लिहा: काय झालं, आणि पहिल्या कागदावर जे होईल असं वाटलं होतं त्यातलं किती झालं. बहुतेकदा दहापैकी दोनच झालेलं असतं. अथेन्समध्ये पौलाचं ऐकून काहींनी थट्टा केली, काही म्हणाले पुन्हा ऐकू, काहींनी विश्वास ठेवला (प्रेषितांची कृत्ये १७:३२-३४). पौलाच्या वाट्यालाही तिन्ही आले. "पुन्हा या विषयावर बोलू नकोस" असं कुणी स्पष्ट सांगितलं तर पुन्हा बोलू नका. मैत्री मात्र तशीच ठेवा. विषय बंद होताच चहाही बंद झाला, तर मैत्री कशासाठी होती ते त्याला कळतं.

आणि समजा, एखादा खरंच म्हणाला, "मला पुढे जाणून घ्यायचंय." अनेकांना याच क्षणी सर्वांत जास्त घाम फुटतो, कारण याची तयारीच केलेली नसते. घाई करू नका. आठवड्यातून एकदा, चाळीस-पंचेचाळीस मिनिटं, ठरलेल्या वेळी एकत्र वाचा, दिवसाउजेडी. दोन-तीन महिन्यांनी, त्याची तयारी असेल तर, पाळकांशी ओळख करून द्या. प्रौढ आहे ना, स्वतःच्या मनाने येतोय ना, घरी काय सांगितलंय, सवलतींचं त्याला ठाऊक आहे ना, कागदोपत्री काय करावं लागेल, हे पाळकांनी त्याच्याशी एकांतात बोलावं. बाप्तिस्म्याची तारीख तुम्ही सुचवू नका. आणि तो मध्येच यायचा बंद झाला, तर एक फोन करा, ख्यालीखुशाली विचारा, आणि पुस्तक परत मागू नका.